चढताना शेतीचा, पडल्यावर संरक्षणाचा

१८ मे २०२५, रविवार. पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट निघालं. त्यावर ईओएस-०९ हा १,६९६ किलोंचा रडार उपग्रह होता. पहिले दोन टप्पे व्यवस्थित पार पडले. तिसऱ्या टप्प्याची मोटर पेटलीही नीट, पण जळता जळता तिच्या आतला दाब उतरला आणि मोहीम तिथंच संपली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी थोड्याच वेळात कॅमेऱ्यासमोर येऊन अपयश मान्य केलं, दाबाचाही उल्लेख केला. विश्लेषण करून पुन्हा बोलू, असं म्हणून ते थांबले.

१२ जानेवारी २०२६, सोमवार. पीएसएलव्ही-सी६२. मुख्य उपग्रह ईओएस-एन१, म्हणजे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचा ‘अन्वेषा’. सोबत देशी-परदेशी १५ छोटे उपग्रह. पुन्हा तिसराच टप्पा. या खेपेला तो संपत आला असताना रॉकेट स्वतःभोवती नको तसं फिरू लागलं आणि मार्ग सोडून गेलं. सोळांपैकी एकही कक्षेत पोचला नाही. (स्पेनच्या एका कंपनीची छोटी कुपी मात्र त्या गोंधळातून सुटून काही मिनिटं माहिती पाठवत राहिली. ही बातमी त्या कंपनीनंच जगाला दिली.)

प्रकरण आहे ते या दोन तारखांमधल्या आठ महिन्यांचं. सी६१ ची चौकशी झाली, समिती बसली, सुधारणा झाल्या, पुढच्या उड्डाणाला मंजुरी मिळाली. पण सी६२ उडालं त्या दिवसापर्यंत सी६१ च्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर आलेला नव्हता.

दोन्ही वेळा सोलापूरचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि ते साहजिक होतं. १८ मेच्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्या दिवशी गावात एकच चर्चा होती: आग लागली कशी, आणि आतली माणसं बाहेर का येऊ शकली नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा तोंडावर होती आणि महापालिकेच्या प्रचाराचे भोंगे फिरत होते. रॉकेटची बातमी फोनवर आली आणि बोटानं वर सरकली.

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. यंत्र का मोडतं हा विषय शिकवताना दर वर्षी एक ताजं प्रकरण घेऊन त्याची चिरफाड करायची असा शिरस्ता आहे. या वर्षी मुलांनी सी६१ निवडलं. हे टिपण त्या चर्चांतून तयार झालं, मतं मात्र माझी आहेत.

मोटरमध्ये दाब उतरतो म्हणजे काय

पीएसएलव्हीचे चार टप्पे असतात: घन, द्रव, घन, द्रव. तिसऱ्या टप्प्यात सुमारे साडेसात टन घन इंधन, वजन वाचवण्यासाठी केवलार तंतूंचं हलकं कवच आणि थोडं वळवता येणारं नोझल, म्हणजे जळलेला वायू बाहेर फेकणारं तोंड. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की बंद करता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. आत जेवढा दाब, तेवढ्या वेगानं इंधन जळतं. दाब उतरला की जळणं मंदावतं, जळणं मंदावलं की दाब आणखी उतरतो. रेटा गेला की रॉकेटला कक्षेसाठी लागणारा वेग गाठता येत नाही, आणि वरचा चौथा टप्पा एवढी मोठी तूट भरून काढू शकत नाही.

मग दाब उतरला कशानं? वर्गात फळ्यावर यादी केली. नोझलच्या घशाची झीज प्रमाणाबाहेर झाली असेल. कवच आणि नोझल जिथं जोडले जातात तिथून गरम वायू निसटला असेल. आतलं उष्णतारोधक अस्तर सुटलं असेल, त्यामुळे कवच जळून भोक पडलं असेल. इंधन ओततानाच काही गडबड झाली असेल. यातल्या प्रत्येक शक्यतेचा उपाय वेगळा आहे आणि जबाबदार खातंही वेगळं. बाहेरच्या माणसाला यातली एकही खोडता येत नाही. सी६२ मध्ये दिसलेलं लक्षण पुन्हा निराळं: दाबाऐवजी रॉकेटचं गरगरणं. दोन्हींचं मूळ एकच होतं की हा निव्वळ योगायोग, हे सांगायला आधी पहिल्याचं मूळ माहीत हवं.

एका मुलानं इथंच विचारलं, “सर, मग हे प्रकरण शिकवताय कशाला की? उत्तरच नाही ह्यात.” त्याला म्हटलं, उत्तर कुठं अडलंय तेच या वर्षी शिकायचं.

उपग्रह कुणाचा?

उड्डाणापूर्वीच्या माहितीत ईओएस-०९ चे उपयोग दिलेले होते: शेती, जंगल, जमिनीतला ओलावा, जलव्यवस्थापन, आपत्ती. हे खोटं नाही. सी-बँड रडार ढगांतून आणि अंधारातून पाहतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, माढा-करमाळा-मोहोळमधली गावं पाण्यात गेली, लांबोटीपाशी पुण्याचा महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत आभाळ इतकं भरलेलं होतं की साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली फक्त ढग दिसले असते. कुठपर्यंत पाणी चढलं, कुठला ऊस बुडाला, हे वरून सांगू शकतं ते रडारच.

ईओएस-०९ असता तर पूर टळला असता, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच कुळातला ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ पासून वर आहे, आणि युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. आणखी एक रडार वर असतं तर एकाच जागेचं चित्र जास्त वेळा मिळालं असतं, एवढाच हिशेब. पूर तासागणिक बदलतो, म्हणून तो हिशेब लहान नाही.

पण हेच रडार रात्री सीमेपलीकडे उभ्या असलेल्या गाड्याही मोजतं. १८ मे म्हणजे भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबून जेमतेम आठवडा झालेला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी ईओएस-०९ चं वर्णन ‘सीमेवरचा डोळा’ अशाच थाटात केलं होतं. म्हणजे एका उपग्रहाचे दोन मालक: शेतकरी आणि सैनिक. माझा आक्षेप इथून सुरू होतो. चढताना असा उपग्रह शेतीचा असतो. पडल्यावर, का पडला असं विचारलं की तो संरक्षणाचा होतो आणि चर्चा आटपते. संरक्षणाची बाजू गुप्त ठेवण्याच्या ओघात शेतीच्या बाजूचं उत्तरही त्याच कपाटात बंद होतं. शिवाय सी६१ मध्ये बिघडला तो उपग्रह नव्हताच, रॉकेट बिघडलं. तेच पीएसएलव्ही नंतर परदेशी ग्राहकांचे आणि नवख्या भारतीय कंपन्यांचे उपग्रह घेऊन निघालं.

शत्रूपासून काय लपतं?

गुप्ततेच्या बाजूनं पहिला मुद्दा येतो तो शत्रूचा. त्याला कळता कामा नये. पण काय कळता कामा नये? सी६१ चं उड्डाण थेट प्रक्षेपणात देशानं पाहिलं. पडद्यावर रॉकेटची प्रत्यक्ष वाट आखलेल्या वाटेपासून सुटताना दिसत होती. ज्याच्याकडे स्वतःचं रडार आहे त्याला तर प्रक्षेपणाचीही गरज नाही.

कक्षेतलं लपवणं त्याहून कठीण. अमेरिकेनं १९९० साली अटलांटिस यानातून एक गुप्त उपग्रह सोडला. काही दिवसांनी मोहिमेशी संबंधित तुकडे खाली येतील असं सांगण्यात आलं, जगानं समजून घेतलं की उपग्रह गेला. त्याच वर्षी दुर्बिणी आणि स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर बसणाऱ्या हौशी लोकांनी तो जिवंत उपग्रह हुडकून काढला. अपयशाचं सोंगही टिकलं नाही ते असं. यूएसए-१९३ या दुसऱ्या गुप्त उपग्रहाची गोष्ट उलटी. १४ डिसेंबर २००६ ला तो सोडला, कक्षेत पोचताच त्याच्याशी संपर्क तुटला. सरकार गप्प. तो हळूहळू खाली येतोय हे हौशी निरीक्षक नोंदवत होते. शेवटी फेब्रुवारी २००८ मध्ये, टाकीतलं सुमारे ४५० किलो विषारी हायड्राझीन लोकांवर पडू नये असं कारण देऊन अमेरिकेनं ‘लेक एरी’ या युद्धनौकेवरून क्षेपणास्त्र डागून तो फोडला. हेच खरं कारण होतं की उपग्रह पाडायची ताकद दाखवायची होती, यावर अजून वाद आहे; वर्षभरापूर्वीच चीननं स्वतःचा हवामान उपग्रह फोडून दाखवला होता. आधी गप्प बसलं की नंतर खरं सांगितलेलंही लोकांना पटत नाही.

आपल्याकडे जीसॅट-६ए या दळणवळण उपग्रहाच्या वेळी याची छोटी आवृत्ती घडली. २९ मार्च २०१८ ला तो उडाला. सहा मीटर व्यासाचा उलगडणारा अँटेना होता, म्हणजे जमिनीवरच्या छोट्या संचांशी बोलता यावं. सैन्याला तो हवा होता हे उघड गुपित. कक्षा उंचावण्याच्या पहिल्या टप्प्याची माहिती इस्रोनं नेहमीप्रमाणे दिली. दुसऱ्या टप्प्यानंतर शांतता. तर्कवितर्क सुरू झाले, आणि १ एप्रिलला संपर्क तुटल्याचं निवेदन आलं. तारखेमुळे काहींना ती थट्टाच वाटली.

तीन टायटन

वर्गात सगळ्यात जास्त वेळ गेला तो अमेरिकेच्या टायटन-४ रॉकेटवर, आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्लीही तिथंच आहे.

१२ ऑगस्ट १९९८ ते ३० एप्रिल १९९९. नऊ महिन्यांत टायटन-४ च्या तीन मोहिमा वाया गेल्या, तिन्ही लष्करी. पहिल्या खेपेला टेहळणीचा उपग्रह होता, ज्याचं नावसुद्धा सरकार घेत नव्हतं. उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आसपास रॉकेट वाकडं झालं आणि फुटलं. दुसऱ्यात क्षेपणास्त्र सुटल्याची उष्णता टिपणारा इशारा-उपग्रह होता. तिसऱ्यात मिलस्टार, अणुयुद्धातही संदेश चालू राहावेत म्हणून बनवलेला. गुप्ततेच्या तराजूत यांच्यापुढे आपला ईओएस-०९ किरकोळ.

तिन्हींची कारणं अमेरिकी हवाई दलानं जाहीर केली. पहिल्यात विजेच्या तारांचं आवरण खराब झालेलं होतं. क्षणभर शॉर्ट झालं, दिशा सांभाळणाऱ्या संगणकाचा पुरवठा तुटून परत आला, आणि जाग्या झालेल्या संगणकानं चुकीचा हुकूम दिला. दुसऱ्यात वरच्या टप्प्याचे दोन भाग नीट सुटे झाले नाहीत, कारण एका विद्युत जोडणीवर उष्णतेसाठीची टेप अशी गुंडाळली होती की जोडणी उघडलीच नाही. तिसऱ्यात सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा भरायचा होता: उणे १.९९२४७६. भरला गेला उणे ०.१९९२४७६. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि मिलस्टार निकामी कक्षेत जाऊन पडला.

हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता होती. दशांश चिन्ह इथं प्रत्येकानं कधी ना कधी सरकवलेलं आहे.

या अहवालांत काय नाही ते पाहिलं पाहिजे. उपग्रह काय ऐकणार होता, कुठल्या रेडिओ लहरींवर बोलणार होता, त्याची नजर किती बारीक होती, यातलं काही नाही. तार, टेप, आकडा, एवढंच. क्षमता झाकली, चूक उघडी ठेवली. आणि चूक उघडी झाल्यामुळे बदल मागता आला, कारण टेप कशी गुंडाळायची आणि भरलेला आकडा कुणी तपासायचा हे प्रश्न कंत्राटदाराच्या दारात थेट जाऊन पडले.

अमेरिका म्हणजे उघडेपणाचा पुतळा, असं समजायचं कारण नाही. जानेवारी २०१८ मधला ‘झुमा’ हा गुप्त उपग्रह घ्या. रॉकेट बनवणारी कंपनी म्हणाली आमचं काम चोख झालं, उपग्रह बनवणारी कंपनी म्हणाली आम्ही बोलू शकत नाही, सरकार गप्प. कोणत्या खात्याचा उपग्रह होता हेसुद्धा अधिकृतपणे सांगितलेलं नाही.

हे आपल्यालाही जमतं

परदेशाची उदाहरणं दिली की “त्यांचं वेगळं” असं म्हणायची सोय असते. म्हणून घरची दोन घेतो.

१२ ऑगस्ट २०२१ ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट पडलं. त्यावरच्या ईओएस-०३ च्या नजरेलाही लष्करी मोल होतं. इस्रोनं कारण प्रसिद्ध केलं: द्रव हायड्रोजनच्या टाकीवरच्या झडपेचं मऊ सील खराब झालं, गळती झाली, इंजिन पेटायच्या वेळी टाकीत पुरेसा दाब उरला नाही. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारं इंजिन, हे तर ज्यासाठी आपल्याला दोन दशकं झगडावं लागलं ते तंत्रज्ञान, तरी झडपेचं सील सांगितल्यानं काही बिघडलं नाही.

७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट हा छोटा उपग्रह त्यावर होता. कारण असं निघालं की दुसरा टप्पा सुटताना क्षणभर इतका हादरा बसला की वेग मोजणाऱ्या संवेदकांची मापं कमाल मर्यादेला टेकली. सॉफ्टवेअरला वाटलं संवेदकच मेले, आणि ते पर्यायी पद्धतीवर गेलं. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ मध्ये सोडले गेले, म्हणजे वातावरणातच. हे सगळं, दुरुस्त्यांसह, लोकांना सांगितलं गेलं. १० फेब्रुवारी २०२३ ला पुढचं उड्डाण यशस्वी झालं.

सोलापूरकरांना माहीत असायला हवं असं आणखी एक. हैदराबादहून टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणं हवाईछत्रीनं खाली येतात. ती विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठंही पडू शकतात. म्हणून आधीच जाहीर सूचना निघते: अशी वस्तू दिसली तर उघडू नका, आत विजेचा उच्च दाब असू शकतो, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा. आत नेमकं काय मोजतात हे कुणी समजावत बसत नाही, पण हात लावला तर काय होईल ते शेतकऱ्याला आधीच माहीत असतं.

दुसरी बाजू

वर्गातल्या एका मुलीचा भाऊ सैन्यात आहे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, घन इंधनाची मोटर म्हणजे क्षेपणास्त्राचीही मोटर. नोझल कुठं फाटलं हे सांगितलं तर आपलं नोझल कसं बनतं हेही थोडं सांगितलंच ना? मुद्दा बिनतोड आहे. द्रव हायड्रोजनची झडप सांगणं आणि घन मोटरचं अस्तर सांगणं यात फरक आहे, आणि सी६१ च्या बाबतीत हात आखडता घेतला गेला असेल तर हे एक कारण असू शकतं.

तिला उत्तर दिलं ते पूर्व भागातल्या, घरी माग असलेल्या एका मुलानं. त्यानं सांगितलं की चादरीची नक्षी चुकून माल परत आला तर त्याचे वडील व्यापाऱ्याला जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारं, कार्ड दाखवत नाहीत. पण कार्ड चुकलं, सूत कच्चं होतं की कारागीर नवा होता, एवढं सांगावंच लागतं, नाहीतर पुढची ऑर्डर येत नाही. सी६२ वरचे १५ छोटे उपग्रह म्हणजे ती पुढची ऑर्डर होती, असं तो म्हणाला. मुलगी म्हणाली, व्यापाऱ्याला सांग, पण चौकात ओरडून कशाला? ग्राहकांना बंद खोलीत काय सांगितलं गेलं होतं हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो वाद तिथं अर्धवट राहिला. माझं झुकतं माप मुलाकडे आहे. बंद खोलीत ग्राहकाला सांगता येतं ते, ज्याच्या कराच्या पैशावर मोटर बनली त्याला अजिबात सांगता येत नाही, हे मला पटत नाही.

अर्जाचा मसुदा

शेवटच्या तासाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून पाहिला. मुलांचा पहिला मसुदा एका ओळीचा होता: सी६१ च्या चौकशी अहवालाची प्रत द्यावी. असा अर्ज कलम ८(१)(अ) वर आपटतो. देशाची सुरक्षा, सामरिक आणि वैज्ञानिक हितसंबंध ही कारणं तिथं एकत्रच आहेत.

मग कायदा नीट वाचला. अन्वेषाबद्दल डीआरडीओला विचारण्यात अर्थ नाही. ती संस्था कलम २४ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा आरोप असेल तरच दार किलकिलं होतं. इस्रो मात्र त्या यादीत नाही. तिला प्रत्येक नकाराचं कारण द्यावं लागतं. कलम १० प्रमाणे गुप्त भाग काळा करून उरलेला द्यावा लागतो. कलम ८(२) प्रमाणे जनहित जास्त मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि अर्जाबाहेरची एक वाट म्हणजे संसद. सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांतून खासदार जातात. अंतराळ खात्याला लेखी प्रश्न विचारायला त्यांना दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

दुसरा मसुदा तयार झाला तो असा: सी६१ च्या चौकशी समितीनं अहवाल कोणत्या तारखेला दिला? त्यात एकूण किती शिफारशी होत्या? त्यांपैकी सी६२ च्या उड्डाणापूर्वी किती पूर्ण झाल्या आणि किती बाकी होत्या? उड्डाणाची मंजुरी देणाऱ्या बैठकीसमोर तो अहवाल ठेवला होता का? अहवालाचा सारांश जीएसएलव्ही-एफ१० प्रमाणे प्रसिद्ध करायचा नाही, असा निर्णय झाला असल्यास त्या निर्णयाची प्रत, गुप्त भाग वगळून.

नोझल, अस्तर, इंधन, यातला एकही शब्द त्यात नाही. सैनिकाच्या बहिणीनं वाचून पाहिला, ‘बैठकीसमोर’ नंतर ‘उपस्थितांची नावे वगळून’ असं घातलं, आणि सही करणाऱ्यांत तिचं नाव दुसरं आहे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि नकार आला तर पहिलं अपील कुणाकडे जातं ते मुलांनी मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.